रॉबर्ट ह्यूबनर आणि शाळा सोडणारी मुलं

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये अठरा वर्षांचा डी. गुकेश बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. तो जल्लोष ओसरायच्या आत, ५ जानेवारी २०२५ला, जर्मन ग्रँडमास्टर रॉबर्ट ह्यूबनर यांचं वयाच्या ७६व्या वर्षी निधन झालं. गुकेशने चौथीनंतर नियमित शाळा सोडली, त्याच्या वडिलांनी डॉक्टरकी बाजूला ठेवली, ही हकिकत आज पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही बुद्धिबळ क्लासबाहेर उभ्या असलेल्या पालकांना तोंडपाठ असते. ह्यूबनर मात्र ऐन भराच्या काळातही कोलोन विद्यापीठात प्राचीन ग्रीक हस्तलिखितं वाचत होते आणि तरीही १९८१ साली जागतिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानावर होते. हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. सांगायला हवं, कारण पहिल्या हकिकतीच्या जोरावर आज दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या आयुष्याचे निर्णय घेतले जात आहेत.

माझं म्हणणं आधीच मांडतो. बुद्धिबळात वर जायचं तर बाकी सगळं सोडावंच लागतं, हा समज खेळातून आलेला नाही. आपल्या शाळा, परीक्षा, स्पर्धांची वेळापत्रकं आणि बक्षिसांची रचना यांनी मिळून तो घडवला आहे. ती रचना बदलता येते. आणि जोवर ती बदलत नाही, तोवर दोन्ही बाजू सांभाळू पाहणाऱ्या मुलाला ‘मनापासून खेळत नाही’ असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

ह्यूबनर यांची कारकीर्द या प्रश्नाशी थेट भिडते. तीत यश आहे आणि डोळ्यांत भरणारी अपयशंही आहेत, म्हणून ती नीट पाहू.

जन्म १९४८चा, कोलोनचा. १९७०च्या अखेरीस स्पेनमधल्या पाल्मा दे मायोर्का इथे जगज्जेतेपदाच्या वाटेवरची इंटरझोनल स्पर्धा झाली, तेव्हा त्यांना नुकतीच बावीस वर्षं पूर्ण झाली होती. चोवीस खेळाडू. बॉबी फिशर १८½ गुणांसह पहिला आला, ही स्पर्धा त्याच्याच नावाने ओळखली जाते. पण त्याच्यामागे प्रत्येकी १५ गुणांवर तिघे होते: डेन्मार्कचा लार्सन, सोव्हिएत संघाचा गेलर आणि हा जर्मन विद्यार्थी. तो अजून ग्रँडमास्टरही नव्हता.

पुढच्या वर्षी सेव्हिलला माजी जगज्जेता पेट्रोस्यानशी दहा डावांचा सामना. पहिले सहा डाव बरोबरीत. तेव्हा पेट्रोस्यानचा बचाव भेदणं जगातल्या कुणालाही जड जायचं, त्याच्यासमोर हा मुलगा बरोबरीने उभा होता. खेळाच्या जागी गोंगाट होता. पेट्रोस्यानला कमी ऐकू यायचं, तो श्रवणयंत्र बंद करून शांत बसायचा. ह्यूबनरकडे तशी सोय नव्हती. सातवा डाव ते हरले आणि सामना सोडून निघून गेले. अजून तीन डाव बाकी होते, फरक एकाच गुणाचा होता.

त्यांच्यावर पहिला शिक्का इथे बसला: कच खाणारा.

दुसरा प्रसंग त्याहून मोठा. १९८०मध्ये कँडिडेट्स सामन्यांत, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान देणारा खेळाडू ठरवणाऱ्या सामन्यांत, त्यांनी आधी हंगेरीच्या आदोर्यानला आणि मग पोर्तिशला हरवलं. अंतिम सामना इटलीतल्या मेरानोला, व्हिक्टर कोर्चनॉयशी. जिंकणारा अनातोली कारपोवशी जगज्जेतेपदासाठी लढणार. सहा डावांनंतर ह्यूबनर ३½–२½ असे पुढे होते. सातव्या डावात बरोबरीकडे चाललेल्या स्थितीत त्यांच्या हातून अख्खा हत्ती गेला. क्लबात रविवारी खेळणारा माणूसही पाहू शकेल अशी ती चूक होती. आठवा डावही गेला. नववा आणि दहावा डाव तहकूब होते. ते पुढे खेळायच्या आतच, ३½–४½ अशा गुणसंख्येवर, ह्यूबनरनी सामना सोडला. सामना सोळा डावांचा होता.

तिसरा प्रसंग १९८३चा, ऑस्ट्रियातल्या वेल्डनचा. समोर बासष्ट वर्षांचा माजी जगज्जेता स्मिस्लोव. दहा डाव झाले, जादा चार डाव झाले, तरी ७–७. नियमांत पुढे चिठ्ठी टाकण्यासारखाच उपाय होता, आणि गावात कॅसिनो होता. जगज्जेतेपदाच्या शर्यतीतला एक सामना रुलेटच्या चक्रावर ठरला. कौल स्मिस्लोवच्या बाजूने लागला आणि तो पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत, तरुण कास्पारोवपर्यंत, जाऊन पोचला. चेंडू दुसऱ्या खान्यात पडला असता तर पुढच्या फेरीत ह्यूबनर असते.

या तीन प्रसंगांवरून सर्रास निकाल दिला जातो, की इतकी प्रतिभा असूनही माणूस वाया गेला, कारण त्याचं अर्धं लक्ष ग्रंथालयात होतं. मला हा निकाल साफ चुकीचा वाटतो. प्रसंग एकेक करून तपासा. सेव्हिलला गोंगाट आणि मनावरचा ताण. मेरानोला एक ढोबळ चूक आणि तिच्यातून न सावरलेलं मन. वेल्डनला फिरतं चक्र. यांतल्या कुठल्या ठिकाणी ग्रीक व्याकरण आडवं आलं? पूर्णवेळ खेळाडूंच्या हातून हत्ती जात नाहीत का? सगळं आयुष्य बुद्धिबळाला दिलेल्या कितीतरी खेळाडूंनी ह्याहून मोक्याच्या क्षणी याहून वाईट चुका केल्या आहेत. त्यांच्याबद्दल कुणी ‘फार खेळला म्हणून हरला’ असं म्हणत नाही.

उलट बाजूने एक गोष्ट म्हणता येईल, आणि ती मी नाकारत नाही. ज्याला परत जायला दुसरं घर आहे त्याला सामना सोडणं सोपं जातं. कोर्चनॉय सोव्हिएत संघातून पळून आलेला माणूस, त्याच्यापाशी पटाखेरीज काही उरलं नव्हतं. तो दहाव्या डावानंतर निघून गेला नसता. पण मग प्रश्न असा विचारू या: आपल्या मुलाला आपण यांतलं काय देऊ इच्छितो? हरल्यावर जिथे परत जाता येईल अशी जागा, की हरलो तर संपलो अशी धास्ती? धास्तीतून काही जगज्जेते घडतात हे खरं. ती धास्ती बारा वर्षांच्या पोराच्या उरावर मुद्दाम ठेवायची, हे मला मान्य नाही.

आता ते दुसरं घर कसलं होतं तेही पाहू, कारण ‘शिक्षण’ म्हटलं की आपल्याला फक्त मागे हात टेकायला ठेवलेली पदवी सुचते. इजिप्तच्या कोरड्या वाळूत दोन-दोन हजार वर्षं टिकलेले पपायरसचे तुकडे युरोपातल्या संग्रहांत हजारोंनी आहेत. करपावत्या, कर्जरोखे, बायकोला लिहिलेली पत्रं, हरवलेल्या नाटकांच्या ओळी. कडा झिजलेल्या, मधे भोकं, शाई उडालेली. कोलोन विद्यापीठाच्या संग्रहात मनी या धर्मसंस्थापकाचं चरित्र सांगणारी एक ग्रीक पोथी आहे. तिचं पान साधारण साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे आगपेटीएवढं, आणि त्या एवढ्याशा पानावर सुमारे तेवीस ओळी. असे तुकडे वाचणाऱ्यांनी आपसांत कडक नियम ठरवले आहेत. अक्षर नक्की वाचता येत नसेल तर त्याखाली टिंब द्यायचं. नष्ट झालेलं अक्षर अंदाजाने भरलं असेल तर ते चौकटी कंसात टाकायचं. आपल्याला दिसलं किती आणि आपण जोडलं किती, हे वाचणाऱ्याला प्रत्येक अक्षरापाशी कळलं पाहिजे.

ह्यूबनरांचं बुद्धिबळावरचं लेखन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही शिस्त लगेच ओळखू येईल. डावांवरच्या टिपांत ‘इथे पांढऱ्याचं वर्चस्व आहे’ असं म्हणून पुढे जाणं हा ग्रँडमास्टरांचा जुना रिवाज. ह्यूबनर तसं जाऊ द्यायचे नाहीत. वर्चस्व असेल तर दाखवा, चाल चालीने दाखवा, आणि दाखवता येत नसेल तर लिहू नका. एकेका चालीवर त्यांची पानंच्या पानं. फिशरने स्वतःच्या डावांवर लिहिलेल्या टिपा त्यांनी तपासल्या आणि चुका दाखवल्या. १८९४च्या लास्कर–स्टाइनिट्झ सामन्यावर पुस्तक लिहिलं. स्वतःच्या डावांनाही त्यांनी तीच कसोटी लावली, जिंकलेल्या डावांतल्या आपल्या चुका निर्दयपणे उघड्या केल्या. आज आपण एका सेकंदात इंजिन, म्हणजे चाली शोधणारा संगणक प्रोग्रॅम, लावतो आणि उत्तर मिळवतो, हे काम त्यांनी इंजिनं सर्रास होण्याच्या आधीपासून पटावर, हाताने केलं. त्यांचं विश्लेषण जगाने गांभीर्याने घेतलं ते या सवयीमुळे, आणि ही सवय ग्रंथालयात लागली होती. ग्रंथालयाने त्यांच्या खेळातून काही काढून घेतलं असं म्हणणाऱ्यांनी ही जमेची बाजूही खात्यावर मांडावी. शिवाय त्यांना डझनभर भाषा येत होत्या, फिनिश साहित्याचे त्यांनी जर्मनमध्ये अनुवाद केले, आणि चिनी बुद्धिबळात आशियाबाहेरच्या सर्वोत्तम खेळाडूंत त्यांची गणना झाली.

स्वभाव ताठ. १९७२मध्ये ग्राझला विद्यार्थ्यांची जागतिक सांघिक स्पर्धा होती. त्यांचा डाव अमेरिकेच्या केनेथ रोगॉफशी. ह्यूबनर थकलेले होते, दोघांनी लगेच बरोबरी मान्य केली. पंचांनी ती नाकारली, खेळा म्हणाले. मग दोघांनी मिळून मुद्दाम हास्यास्पद चाली खेळून पुन्हा बरोबरी केली. पंचांनी माफी मागायला आणि पुन्हा खेळायला सांगितलं. रोगॉफने ऐकलं. ह्यूबनरनी नकार दिला आणि डाव गमावला. पटाच्या पलीकडे बसलेल्या रोगॉफचं पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. तो ग्रँडमास्टर झाला, मग खेळ सोडून अर्थशास्त्राकडे वळला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा मुख्य अर्थतज्ज्ञ झाला, हार्वर्डला प्राध्यापक झाला. त्याने बुद्धिबळ वाया घालवलं असं कुणी म्हणत नाही. अर्थशास्त्राला समाजात मान आहे, पपायरसच्या तुकड्यांना नाही, एवढाच काय तो फरक.

ह्यूबनर जर्मनीत एकटे नव्हते. वोल्फगांग उंत्सिकर म्युनिकमध्ये न्यायाधीश होते. कारपोवने त्यांना ‘हौशी खेळाडूंचे जगज्जेते’ म्हटलं होतं. १९६६मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला दहा ग्रँडमास्टरांची स्पर्धा झाली. स्पास्की पहिला, फिशर दुसरा, लार्सन तिसरा, आणि चौथ्या-पाचव्या स्थानावर पोर्तिशच्या जोडीने हे न्यायाधीश. त्या वेळचा विद्यमान जगज्जेता पेट्रोस्यान त्यांच्या मागे होता. म्युनिकचेच डॉ. हेल्मुट फ्लेगर वैद्यकी करत ग्रँडमास्टर झाले. त्याही मागे गेलो तर झीगबर्ट टाराश, न्यूरेंबर्गचा डॉक्टर, आणि इमानुएल लास्कर, ज्याने सत्तावीस वर्षं जगज्जेतेपद राखलं आणि त्याच काळात गणितात डॉक्टरेट मिळवली. बीजगणितातला त्याचा एक सिद्धांत विद्यापीठांत आजही शिकवतात.

आणि एक वोल्फगांग पूर्वेकडचा, ड्रेस्डेनचा वोल्फगांग उल्मान. त्यांची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. काळ्या मोहऱ्यांनी फ्रेंच बचाव ही डावाची सुरुवात अशी खेळायचे की जगभरचे खेळाडू त्यांचे डाव पाहून ती शिकले. पूर्व जर्मनीचं अजिंक्यपद त्यांनी अकरा वेळा मिळवलं. पाल्माच्या त्याच १९७०च्या स्पर्धेतून तेही कँडिडेट्सला पोचले आणि तिथे लार्सनकडून हरले. पूर्व जर्मनीत खेळाडू घडवणारी सरकारी यंत्रणा जगात नावाजलेली होती, बुद्धिबळपटूला याहून बरा आधार कुठला? पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या सरकारने हिशेब मांडला. बुद्धिबळात ऑलिंपिकची पदकं नाहीत, मग पैसा कशाला? १९७२नंतर पूर्व जर्मनीचा पुरुष संघ बुद्धिबळ ऑलिंपियाडला गेला तो थेट १९८८मध्ये. १९७२मध्ये उल्मान सदतीस वर्षांचे होते, बरी वर्षं अजून बाकी होती. त्यांचं मूळ शिक्षण छपाईचं, पुढे हिशेबाच्या कामाचा आधार होता, म्हणून निभावलं. मंत्रालयातल्या एका निर्णयाने एका पिढीच्या खेळाडूंचं जग आकसलं.

आज पैसा सरकारपेक्षा प्रायोजकांच्या हातात आहे, पण दोरी दुसऱ्याच्या हातात ती आहेच. २०२५मध्ये जर्मन गुंतवणूकदाराच्या पुढाकाराने फ्रीस्टाइल बुद्धिबळाची, म्हणजे मोहऱ्यांची सुरुवातीची मांडणी बदलून खेळायच्या बुद्धिबळाची, मोठी मालिका सुरू झाली, बक्षिसं डोळे दिपवणारी. दिल्लीत व्हायचा टप्पा रद्दच झाला. जगातल्या पहिल्या दहा जणांना असे धक्के पचतात. शंभराव्या क्रमांकावरच्या खेळाडूचं काय?

आता मला नेहमी ऐकवला जाणारा आक्षेप: ते जुने दिवस होते. डाव तहकूब व्हायचे, ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, तयारी वह्यांत मावायची. आज इंजिनांमुळे तयारीला अंत नाही, न्यायाधीशाने संध्याकाळी घरी येऊन करण्याइतकं ते काम राहिलेलं नाही. या आक्षेपात दम आहे. आज कुणी पूर्णवेळ नोकरी करून जगात तिसरा येईल असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न चाळिशीतल्या न्यायाधीशाचा नाही, शाळेतल्या मुलाचा आहे, आणि त्याचं उत्तर आजच्याच जर्मनीत आहे.

व्हिन्सेंट कायमर, जन्म २००४, माइन्झजवळच्या सॉलहाइम गावचा. आईवडील दोघंही संगीतकार. तेरा वर्षांचा असताना, २०१८मध्ये, त्याने ग्रेंके ओपन ही ग्रँडमास्टरांनी भरलेली स्पर्धा जिंकली. त्या क्षणी शाळा सोडवायला याहून सबळ कारण कुणाला मिळालं असतं? हंगेरीचा पीटर लेको त्याचा प्रशिक्षक होता, जगभरातून आमंत्रणं येत होती. त्याने शाळा सोडली नाही. २०२२मध्ये आपल्या बारावीच्या जागी असलेली आबिटूर परीक्षा पूर्ण केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अल्माटीला जागतिक रॅपिड, म्हणजे जलद डावांच्या, स्पर्धेत कार्लसनच्या पाठोपाठ रौप्यपदक मिळवलं. फेब्रुवारी २०२५मध्ये जर्मनीतल्या वाइसनहाउसला फ्रीस्टाइल मालिकेचा पहिला टप्पा त्याने जिंकला, आणि ऑगस्टमध्ये चेन्नईला येऊन, आपल्या भारतीय खेळाडूंच्या घरच्या मैदानावर, नऊ डावांत सात गुण करून चेन्नई ग्रँडमास्टर्स स्पर्धा एक फेरी राखून खिशात घातली. एकही डाव हरला नाही.

शाळेची किंमत त्याने मोजली नाही असं नाही. सोळा ते अठरा या वयात त्याच्या पिढीतले इतर जण, गुकेश, प्रज्ञानंद, उझबेकिस्तानचा अब्दुसत्तोरोव, त्याच्यापुढे निघून गेले होते. त्याला दोन-तीन वर्षं उशीर झाला. पण ही किंमत उशिराची आहे, दार बंद होण्याची नाही, आणि पालकांसमोर ती अशीच, प्रामाणिकपणे, मांडली गेली पाहिजे. गुकेशच्या आईवडिलांनी जे केलं ते त्यांच्या मुलाला फळलं, त्यांच्या धाडसाला माझा सलाम आहे. पण भारतात ग्रँडमास्टर आता नव्वदीच्या घरात गेले आहेत आणि जगज्जेता एका वेळी एकच असतो. ते ग्रँडमास्टर म्हणजे वर पोचलेले. रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद मोजणारा आकडा, २३००च्या आसपास अडकलेली, शाळा मागेच सुटलेली, विशीतली मुलं किती आहेत ते कुणी मोजत नाही. त्यांच्यापुढे क्लास घेणं एवढा एकच रस्ता उरतो. शिकवणं हे उत्तम काम आहे, आवडीने स्वीकारलं तर. दुसरं काही करताच येत नाही म्हणून बाविसाव्या वर्षी ते गळ्यात पडलं, तर शिकवणाऱ्याचंही भलं होत नाही आणि शिकणाऱ्याचंही.

कायमरला हे जमलं त्यामागे फक्त त्याचे संगीतकार आईवडील नाहीत, व्यवस्थाही आहे. जर्मनीत १९८०पासून बुद्धिबळाची एकसंध बुंडेसलीगा, म्हणजे राष्ट्रीय लीग, चालते. क्लबांचे संघ, एका संघात आठ पटांवर आठ खेळाडू, सामने शनिवार-रविवारी, हंगाम शरद ऋतूपासून वसंतापर्यंत पसरलेला. शुक्रवारी शाळा किंवा ऑफिस उरकून रेल्वेने निघायचं, दोन डाव खेळायचे, रविवारी रात्री परत. विश्वनाथन आनंदसारखा जगज्जेता तिथे वर्षानुवर्षं खेळला, आणि त्याच दालनात खालच्या पटांवर डॉक्टर, इंजिनियर, विद्यार्थी खेळत असतात. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला वर्गातला तास न बुडवता ग्रँडमास्टरशी पाच-पाच तास झुंजता येतं. या खाली दुसऱ्या, तिसऱ्या श्रेणीच्या लीग, अगदी गावापर्यंत. न्यायाधीश उंत्सिकर आणि अभ्यासक ह्यूबनर ज्या मातीत वाढले ती क्लबांची माती हीच.

आपल्याकडे चांगला डाव खेळायचा तर सलग आठ-दहा दिवसांची स्पर्धा, बहुतेकदा दुसऱ्या राज्यात. वर्षाला अशा सात-आठ स्पर्धा केल्या की शाळेची हजेरी गेलीच. मग मुख्याध्यापकांशी वाद, मग ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून दहावी. १७ नंबरचा फॉर्म ही काही वाईट गोष्ट नाही, कितीतरी कष्टकरी माणसं त्यावर शिकली. पण हुशार मुलाने तो भरावा म्हणून व्यवस्थेनेच त्याला त्या टेबलापाशी आणून सोडावं, हे बरोबर नाही. दहावीच्या परीक्षेत खेळाचे वाढीव गुण मिळतात. त्या गुणांपेक्षा मुलाला वेळ हवा असतो. राष्ट्रीय स्पर्धेमुळे बुडालेला पेपर महिन्याभराने देता यायला हवा, स्पर्धेतले दिवस हजेरीत धरले जायला हवेत, अकरावीला दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा करायची मुभा हवी. यातल्या कशालाही कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

कोट्यवधी आपण वेगळ्या ठिकाणी खर्च करतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली, आणि राज्य सरकारने तिला तीन कोटी रुपये देऊन गौरवलं. अगदी योग्य केलं, तो पैसा तिने कमावलेला आहे. नाशिकचा विदित गुजराथी २०२३मध्ये ग्रँड स्विस जिंकून कँडिडेट्सला गेला, त्याच्याही वाट्याला कौतुक आलं ते हक्काचं. पण बक्षीस पोचल्यावर मिळतं. पोचण्याआधीच्या दहा वर्षांत राज्याचा हात कुठे असतो? तीन कोटींच्या एका अंशात नागपूर, नाशिक, पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगली इथल्या क्लबांची शनिवार-रविवारची लीग वर्षभर चालवता येईल. पुण्यात काही वर्षांपूर्वी महाराष्ट्र चेस लीग झाली होती, मोठ्या थाटात, मोजक्या दिवसांत. मी म्हणतो ती लीग थाटाची नको. एखाद्या शाळेचं सभागृह, आठ पट, आठ घड्याळं, एक पंच आणि एसटीचं भाडं.

दुहेरी आयुष्य आपल्या मातीत नवं नाही, हेही लक्षात घ्या. मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत महिला बुद्धिबळ गाजवलं. रोहिणी खाडिलकर तर १९७६मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. जयश्री आणि रोहिणी दोघी पुढे वृत्तपत्रांच्या संपादक झाल्या. बँका, तेल कंपन्या, विमान कंपन्या, रेल्वे यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या तेव्हाही कल्पना हीच होती, की खेळ संपल्यावर माणूस उघड्यावर पडू नये. आज तशा जागा कमी होत आहेत आणि पालकांचा दबाव मात्र वाढतो आहे.

संघटनेतली माणसं म्हणतील, शनिवार-रविवारच्या लीगला रेटिंग मिळवून द्यायचं तर नोंदणी, पंच, अहवाल, कोण करणार? जर्मनीत हे काम क्लबातले लोकच करतात, नोकरी सांभाळून. महाराष्ट्रात गणेशोत्सवाची मंडळं याहून अवघड कामं दरवर्षी बिनपगारी उरकतात. बुद्धिबळ शिकवून घर चालवणारे शेकडो प्रशिक्षक आपल्याकडे आहेत, त्यांच्या क्लासच्या भिंतींवर गुकेशचा फोटो आहे. त्यांनी सुरुवात करावी. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा एका जिल्ह्यात चार संघ उभे राहिले तरी पुरे आहे.